रविवारचं गाणं, शुक्रवारचा ठेका

ओरातिलेनं 'दार लावून घे' लिहिलं, तेव्हा आमच्या बँडला बरीच वर्षं झाली होती आणि आम्हाला कुणीही ओळखत नव्हतं. ती गिटार वाजवायची आणि गायची, बेस गिटार माझ्याकडे आणि ड्रम्सवर हेनो. हेनो म्हणजे प्रिटोरियाच्या पूर्वेकडच्या वस्तीतला, कॉलेज अर्धवट सोडलेला गोरा आफ्रिकानेर पोरगा. मी आणि ओरातिले मात्र मामेलोडी या काळ्यांच्या वस्तीत, एकाच गल्लीत वाढलो. आमच्याकडे दुकानात, शेअर टॅक्सीत, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथं जाल तिथं हाऊस म्युझिक वाजायचं. कंबर आपोआप हलवायला लावणारं ते संगीत सोडून ही बाई पायरीवर गिटार घेऊन बसायची. पोरं चिडवायची, "काय गं, गोऱ्यांचं रडगाणं चाललंय?" ती मान वर न करता म्हणायची, "रडायला मला कुणाची परवानगी नको."

ते गाणं तिच्या आईवर होतं. आई जोहान्सबर्गला एका घरी राहून काम करायची. रविवारी दुपारी निघायची, ती शुक्रवारी संध्याकाळी परत. वडील कधीच निघून गेले होते. घरात ओरातिले आणि तिच्याहून पाच वर्षांनी लहान लेफा. गाण्यात तो रविवार आहे. आई पिशवी भरते, सूचना देते, स्टोव्ह बंद कर, भावाला भरव, दार लावून घे, आणि जाते. गिटार पहिल्यापासून एकाच जागी घुटमळत राहते, ड्रम्स फार उशिरा येतात, आणि सगळं थांबल्यावर ओरातिले अगदी शेवटी, बोलल्यासारखं, एकदाच म्हणते, 'शुक्रवारी येते.' तिथं गाणं संपतं. आम्ही ते रेकॉर्ड केलं त्या दिवशी हेनो बराच वेळ बाहेर गाडीत जाऊन बसला होता.

जोहान्सबर्गच्या एका छोट्या कंपनीनं ते गाणं काढलं. थोडंफार चाललं. मग कंपनीच्या रोलँडला कल्पना सुचली. नुसता आवाज आणि गिटार इंटरनेटवर ठेवायची, ज्याला वाटेल त्यानं त्यावर नाचायचं रिमिक्स करून पाठवायचं, त्यातली चांगली तीन निवडायची. ओरातिलेनं नाक मुरडलं, पण हो म्हणाली. "करू देत. माझं गाणं काय झिजणार आहे?"

शनिवारी सकाळी रेडिओवर मसेचाबा नावाच्या बाईंचा कार्यक्रम असायचा. त्यांनी आम्हाला बोलावलं. आधी मूळ गाणं, मग तिन्ही रिमिक्स, आणि दर वेळी ओरातिलेला विचारायचं, काय वाटलं. तिनं ती तिन्ही आधी ऐकली नव्हती. मुद्दाम ऐकवली नव्हती.

पहिलं केपटाऊनहून आलेलं. त्यानं तिचा आवाज इतका वर चढवला होता की एखादं चिमुकलं पोर हट्ट करतंय असं वाटत होतं. ओरातिले खळखळून हसली. "ही आई गेली तर बरंच झालं म्हणायचं. या पोराला कोण सांभाळणार?" मसेचाबाही हसल्या.

दुसरं बर्लिनहून. ते संपतच नव्हतं. नुसती धडधड, आणि तिचा आवाज पार शेवटी, पंगती उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. ती म्हणाली, "मी नंतरच्या टॅक्सीनं आले वाटतं."

मजेत होती. मला तिचा तो चेहरा आठवतो. दोन्ही ऐकून तिची खात्री झाली होती की तिच्या गाण्याला कुणी हात लावू शकत नाही.

मग तिसरं लागलं. सुरुवातीला नुसता एक लोखंडी आवाज होता, कट्-खण्ण, कट्-खण्ण. त्यावर हळूच तिची गिटार आली, पण बारीक तुकडे करून, घंटा किणकिणाव्यात तशी. रविवारचं सगळं त्यानं गाळलं होतं. पिशवी नाही, स्टोव्ह नाही, दारही नाही. होतं फक्त 'शुक्रवारी येते.' ती एकच ओळ, पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी जवळ येणारी. 'येते'च्या आधी ओरातिलेनं घेतलेला श्वाससुद्धा त्यानं ठेवला होता, आणि त्या श्वासावर ठेका क्षणभर थांबायचा. मग खालून बेस यायचा.

मी खाली पाहिलं. ओरातिलेचा पाय हलत होता. डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे. गाणं संपलं.

"हे आवडलं तुला," मसेचाबा म्हणाल्या.

"हे..." ती म्हणाली, "याला कळलंय काहीतरी. कोण आहे हा?"

"'मागची खोली' या नावानं पाठवलं होतं. पण खरं नाव मला कळलंय आणि तुला धक्का द्यायचा म्हणून मी गप्प होते!" मसेचाबांना आनंद आवरेना. "लेफा मोक्वेना. मामेलोडी. तुझाच भाऊ ना गं हा?"

मग ओरातिले माइकजवळ सरकली आणि म्हणाली, "ते कट्-खण्ण आमच्या फाटकाची कडी आहे." आणि थोड्या वेळानं, "गाणं मेलंय त्यात. नाचायला ठीक आहे."

आम्ही तिच्या घरी पोचलो. लेफा अंगणात टायरवर बसून माग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खात होता. दिवसा तो टायरच्या दुकानात काम करायचा आणि बाकीचा वेळ घरामागच्या पत्र्याच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरसमोर. तिला पाहून तो तेलकट हातांनीच उठला. तोंडभर हसू.

"औसी, ऐकलंस?" मोठ्या बहिणीला आमच्याकडे औसी म्हणतात.

"विचारायचंस तरी मला."

"विचारलं असतं तर ऐकायच्या आधीच नाही म्हणाली असतीस."

"माझा आवाज, माझी गिटार, माझं गाणं. तुझं काय त्यात? कडी?"

"कडी आपली दोघांची आहे," लेफा म्हणाला.

तिनं फाटक इतक्या जोरात आपटलं की ती कडी तिथंच वाजली. लेफाला हसू आलं. ते तिनं पाहिलं, आणि तेव्हापासून खरं सुरू झालं.

कंपनीनं ते तिसरं रिमिक्स विकायला काढलं आणि पुढच्या दोनेक महिन्यांत ते असं पसरलं की विचारू नका. टॅक्सीवाल्यांनी आधी उचललं. मामेलोडीहून शहरात जाणारी प्रत्येक टॅक्सी 'शुक्रवारी येते' म्हणत जायची. शुक्रवारी दुपारी तर ऑफिसांतून पोरी तीच ओळ गात बाहेर पडायच्या. दुकानातल्या बाया कॅश ड्रॉवर कट्-खण्ण असा बंद करायच्या. गाताना कुणाला ती ओळ आधी कशाची होती हे माहीतही नव्हतं.

त्यात एक गोष्ट तिला सगळ्यात लागली. आमच्याकडे बाईला थोरल्या अपत्याच्या नावानं हाक मारतात. ओरातिलेची आई सगळ्या गल्लीला म्मा-ओरातिले म्हणूनच ठाऊक होती. एका शनिवारी म्मा, ओरातिले आणि मी दुकानातून येत होतो. समोरून कोबीच्या गाडीवाल्यानं हात केला. "म्मा-लेफा! पोरानं नाव काढलं हो!"

म्मा हसल्या, त्यालाही हात केला. चूक दुरुस्त केली नाही. ओरातिले थांबली.

"मा, तुझं नाव बदललं का गं?"

"त्याला काय कळतंय, कोबी विकतो तो."

"पण तू ओ दिलीस."

"हाक मारली तर ओ देऊ नको?" म्मा म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

प्रिटोरियातल्या हॅटफील्डच्या एका बारमध्ये आमचा कार्यक्रम होता. एरवी तिथं तीस-चाळीस जण यायचे, त्या दिवशी दारात रांग. आम्ही खूश झालो. गाणं सुरू केलं, घुटमळणारी गिटार, ओरातिलेचा आवाज, आणि समोरच्या पोरींनी टाळ्यांवर तो कडीचा ठेका धरला. गाण्याच्या दुप्पट वेगानं. कुणीतरी ओरडलं, "ते फास्टवालं लाव ना!" हेनो बिचारा ड्रमवाला, त्याचे हात लोकांबरोबर धावू लागले. ओरातिलेनं वळून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची काठी हातातून पडली. तिनं गिटार काढली, खाली ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेली.

मी मागोमाग गेलो. ती बाटल्यांच्या खोक्यावर बसली होती.

"फेन्यो, त्यांना माझा आवाज हवाय आणि मी नकोय. असं कुणाचं झालंय का रे कधी? स्वतःच्याच आवाजाचा हेवा वाटावा?"

"आवाजाचा की लेफाचा?"

"गप्प बस."

सोमवारी तिनं रोलँडला फोन केला. आमच्या करारात एक कलम होतं, की रिमिक्स विकायचं किंवा कार्यक्रमात वाजवायचं तर गाणारीची संमती लागेल, आणि ती कधीही काढून घेता येईल. ती म्हणाली, आता संमती नाही. रोलँडनं विनवण्या केल्या. डिसेंबरच्या सुट्टीत मामेलोडीच्या मैदानात मोठा जलसा होता, त्यात लेफाला पहिल्यांदाच बोलावलं होतं, तेही त्या एका गाण्यासाठी. ती म्हणाली, नाही म्हणजे नाही. जलसेवाल्यांनी लेफाचं नाव काढून टाकलं.

मला वाटलं, लेफा भांडायला येईल. तो आला नाही. टायरच्या दुकानात जात राहिला. मागच्या खोलीतून आवाज यायचा बंद झाला, आणि ती शांतता ओरातिलेला त्या गाण्याहून जास्त टोचत होती. पण मागे हटेल तर ती ओरातिले कसली.

तशात त्यांच्या चुलत बहिणीचं लग्न आलं. अंगणात मंडप, मोठ्या पातेल्यांत मटण, बादलीभर आल्याचं जेमेरे. कंपनीनं विकायचं थांबवलं होतं, पण चोरून उतरवलेलं रिमिक्स गावभर होतंच. जेवणं झाल्यावर गाणी लावणाऱ्यानं तेच लावलं. कट्-खण्ण वाजलं आणि सगळ्या बाया रांगेत उभ्या राहिल्या, आमच्या लग्नांत नाचतात तशा, एक पाऊल पुढे, दोन मागे. सगळ्यांत पुढे म्मा. हातात जेमेरेचा पेला, डोक्यावर हिरवं फडकं, गुडघे दुखतात म्हणून एरवी कुरकुरणारी ही बाई वाकून जमिनीला हात लावत होती आणि थेंब सांडत नव्हता. 'येते'च्या आधीच्या त्या श्वासाला सगळ्या थांबायच्या, आणि मग एकदम खाली.

मंडपाच्या खांबाला टेकून ओरातिले पाहत होती. मी तिच्या शेजारी उभा होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या गाण्यावर ती कधी मानसुद्धा हलवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी अँप्लिफायर आणायला गेलो. म्मा स्वयंपाकघरात बीट सोलत होत्या, बोटं लाल. ओरातिले समोर बसून कापत होती. मी आत आलो तशी म्मा म्हणाल्या, "बस पोरा. तूही ऐक, त्या गाण्यात तुझाही हात आहे." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "भावाचं तोंड बांधलंस म्हणे."

"त्याचं तोंड नाही. तो माझा आवाज होता."

"बरं."

"मा, खरं सांग. तुला त्याचंच आवडतं ना?"

म्मांनी सुरी खाली ठेवली. "तुझं मी एकदा ऐकलं. पूर्ण. मग पुन्हा नाही ऐकलं."

"का?"

"तुझ्या गाण्यात मी नुसती जाते. पहिल्यापासून शेवटपर्यंत जातच राहते. त्याच्यात मी येते तरी."

ओरातिलेची सुरी थांबली. "तू जायचीसच, मा."

"जायचे. आणि दर शुक्रवारी यायचे. एकही चुकवला नाही. संपाच्या वेळी टॅक्सी नव्हती तर निम्मी वाट चालत आले. ते कुठाय तुझ्या गाण्यात?"

"आलीस की आधी त्याला उचलून घ्यायचीस!" ती एकदम ओरडली. "मी दार उघडायचे. मी पिशवी घ्यायचे. आणि तू माझ्या डोक्यावरून हात लांबवून त्याला घ्यायचीस."

"तो चार वर्षांचा होता, पोरी."

"मी नऊ वर्षांची होते."

म्मा लेकीकडे पाहत राहिल्या, जणू उंबऱ्यावर कुणी उभं आहे आणि ते कोण ते नीट दिसत नाहीये. म्हणाल्या, "मला वाटायचं तू मोठी आहेस." मग उठल्या, नळाखाली हात धरले. पाणी लाल होऊन वाहत राहिलं. त्यांनी माफी मागितली नाही. जाताना मात्र ओरातिलेच्या मानेवर ओला हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. असं करताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं.

ओरातिले तडक मागच्या खोलीत गेली. मला वाटलं आता मारामारी होते, म्हणून मीही गेलो. लेफा पलंगावर पडला होता. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला.

"रविवार का काढलास?" तिनं दारातूनच विचारलं.

"काय?"

"गाण्यातून. सगळा रविवार का काढलास? मला खोडायला?"

लेफा उठून बसला. "मला रविवार आठवतच नाही, औसी."

"खोटं बोलू नकोस. तू किंचाळायचास. फाटकाला लटकायचास."

"ते तू सांगतेस म्हणून माहीत आहे. मला फक्त इतकं आठवतं की तू मला इथं आणायचीस आणि दुधाच्या पावडरचा डबा उलटा करून वाजवायचीस. जोरजोरात. मीही वाजवायचो. आणि डबा थांबला की अंधार पडलेला असायचा आणि तू म्हणायचीस, चल, जेवू." तो थोडा लाजला. "मला वाटायचं रविवार म्हणजे डबा वाजवायचा दिवस. मा कधी गेली ते मला कधी ऐकूच आलं नाही. मग शुक्रवारी कडी वाजायची. मला कडी तेवढी आठवते."

ओरातिले दाराच्या चौकटीला टेकली. मी वाट पाहत होतो, की आता ती रडेल, त्याला जवळ घेईल. तसं काही झालं नाही.

"म्हणजे रविवार माझा एकटीचाच होता," ती म्हणाली.

"हो," लेफा म्हणाला. "सॉरी."

"सॉरी नको म्हणूस. मीच केलं ते." तिनं कॉम्प्युटरवरचा टॉवेल ओढला. "धूळ बसेल म्हणून झाकलास की रुसलास?"

"रुसलो."

"मूर्ख," ती म्हणाली आणि बाहेर आली. अंगणातूनच तिनं रोलँडला फोन लावला. दोन वाक्यांत काम झालं. हो, संमती आहे. नाही, आनंदानं वगैरे नाही, पण आहे. जलसेवाल्यांना कळवा. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आणि तू, माझा मत्सर गेला असं समजू नकोस. आहे तिथंच आहे. फक्त आता मला ठाऊक आहे तो कशाचा आहे."

डिसेंबरमध्ये लेफा त्या मैदानात वाजवायला गेला. म्मा खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. ओरातिले गेली नाही. त्याच दुपारी आमचा पोलोक्वानेला कार्यक्रम होता आणि तिनं तो बदलून घ्यायला नकार दिला. हेनो गाडी चालवत होता, मागे ड्रम्स खडखडत होते. रस्ता मोकळा, आणि डिसेंबर म्हणजे आमचा उन्हाळा, ऊन रणरणतं. रेडिओवर कट्-खण्ण सुरू झालं. हेनोनं घाईनं बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली.

पूर्ण ऐकलं तिनं. खिडकीबाहेर बघत, पाय न हलवता. संपल्यावर म्हणाली, "शेवट उगाच लांबवलाय. शेवटी दोनदा 'येते' नकोच होतं. लोकांना थोडं उपाशी ठेवायचं असतं."

"सांग त्याला," मी गमतीनं म्हणालो.

तिनं खरंच फोन काढला. पलीकडून मैदानाचा गोंगाट ऐकू येत होता. "लेफा? ऐक. शेवट कापायचा. हो, आत्ता, वाजवायच्या आधी. काय म्हणे, 'माहीत आहे'! तुला काय माहीत आहे? आवाज कुणाचा आहे? ... तुझी कडी गेली खड्ड्यात. श्वासावर संपव म्हणते मी, श्वासावर!"

हेनोनं माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि गाडीचा वेग कमी केला, रेंज जाऊ नये म्हणून. बेला-बेलाचा टोलनाका येईपर्यंत दोघं भांडत होती.